फिटरची मोटार

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणते कोणत्या ठाण्यातले हे आठवायला जुनी डायरी उघडावी लागते. वाशीतल्या त्या जुन्या मोटारीचे प्रकरण मात्र मला फिर्यादीपासून निकालापर्यंत जसेच्या तसे आठवते. त्यात पहिल्याच मिनिटाला माझ्या हातून झालेली चूकही आठवते, म्हणून तिथूनच सांगायला घेतो.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी वाशीला फौजदार होतो. खाडीपुलावरून वस्ती अलीकडे सरकत होती, सेक्टरांत नव्या इमारती उभ्या राहत होत्या. पण आमच्या हद्दीत अजून मिठागरेही होती आणि भाताची खाचरेही. चोऱ्या व्हायच्या त्या बांधकामावरच्या सळयांच्या, सायकलींच्या, फार तर पाण्याच्या पंपाच्या. मोटारीच मोजक्या होत्या, तर त्यांच्या चोऱ्या कुठून होणार?

एका दुपारी चारच्या सुमारास पंचेचाळीस-पन्नासचा एक माणूस ठाण्यात आला. अंगात कारखान्याचा निळा पोशाख, नखांत ग्रीस. मी एका पंचनाम्यावर सह्या करत होतो.

"साहेब, गाडी चोरीला गेली," तो म्हणाला.

"कसली गाडी?"

"मोटार, साहेब. विलायती. लढाईच्या आधीची."

मी मान वर न करता म्हणालो, "मालकाला पाठवून द्या. फिर्याद मालकाने द्यायची असते, ड्रायव्हरने नाही."

तो हलला नाही. "मीच मालक हाय, साहेब."

तेव्हा मी वर पाहिले. त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आर.सी. बुक काढून टेबलावर ठेवले. त्यावर त्याचेच नाव होते. आमचे हवालदार, साताऱ्याकडचे जुने माणूस, उठले आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढून आणली. ती खुर्ची खरे तर मी द्यायला हवी होती.

फिर्याद लिहिताना सगळी हकीकत बाहेर आली. तो मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला, बौद्ध कुटुंबातला. बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात फिटर होता. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका भंगारवाल्याच्या वाड्यात ही मोटार त्याच्या नजरेस पडली. आत कोंबड्या बसत होत्या. चाके नव्हती, इंजिन गंजून घट्ट झाले होते. भंगाराच्या भावात त्याने ती घेतली आणि सात वर्षे रविवारमागून रविवार खपून पुन्हा चालती केली. जो भाग बाजारात मिळत नसे तो फोरमनच्या परवानगीने पाळी संपल्यावर लेथवर स्वतः बनवला. रंग गडद हिरवा, मडगार्ड काळे. आसने त्याच्या बायकोने घरच्या शिलाई मशिनवर शिवली होती.

"भाड्याने देता का?" मी विचारले.

"नाय साहेब. वस्तीतल्या पोरींची लग्नं होतात, तेव्हा वरातीला देतो. बुद्धपौर्णिमेला फुलं लावून काढतो, बिल्डिंगीतली सगळी पोरं बसतात. पैशे कशाला घ्यायचे?"

"मग खर्च?"

तो जरासा हसला. "खर्च हाय ना. पेट्रोल लय पिते. टायर मिळत नाय. गेल्या दिवाळीला घरात काय घेतलं नाय, गाडीला रेडिएटर घेतला. बायको बोलली नाय काय. पन मला कळतं."

चोरीची तऱ्हा ऐकून मी थक्क झालो. सोसायटीने त्याला 'आवारातले भंगार हलवा' अशी नोटीस दिली होती, म्हणून गाडी कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी असे. त्या दिवशी तो कामावर असताना भरदुपारी टोचनची गाडी आली आणि मोटार ओढून घेऊन गेली. निदान सहा शेजाऱ्यांनी पाहिले. एकानेही हटकले नाही. सोसायटीने अखेर भंगार उचलायला लावले, असेच सगळ्यांना वाटले. चोराला याहून चांगली संधी कोणती मिळणार!

गुन्हा नोंदवला. शेजारच्या ठाण्यांना वायरलेस संदेश दिले, चौकशी केली. तीन आठवडे काही हाती लागले नाही. वरिष्ठांनी एकदा विचारले, "त्या खटाऱ्यामागे किती माणसे लावणार?" फिटर मात्र दर शनिवारी पाळी सुटली की येऊन बसायचा. सोबत त्याची बायको असायची. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. ती बाहेरच्या बाकावर बसून राहायची.

एका शनिवारी तो म्हणाला, "साहेब, मी इचार केला. पुढचा उजवा टायर पार गेलेला हाय. ज्यानं गाडी नेली त्याला ती चालवायची तर टायर लागनार. ह्या मापाचा टायर मुंबईत तीनच दुकानांत मिळाला तर मिळतो. मी सात वर्षं फिरलोय, मला ठाऊक हाय."

मी आयुष्यात अनेक खबरी पाहिले. पण तपासाची इतकी नेमकी दिशा फिर्यादीने स्वतः दिल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. हवालदार साध्या वेशात तिन्ही दुकानांत जाऊन आले. दुकानदारांना माप लिहून दिले आणि ठाण्याचा फोन नंबर दिला. अडीच महिन्यांनी एका दुकानदाराचा फोन आला. त्या मापाचे चार टायर हवेत म्हणून एक गॅरेजवाला येऊन गेला होता. माल आल्यावर कुठे पोचवायचा तो पत्ताही देऊन गेला होता. पत्ता पनवेलच्या पलीकडच्या एका बंगल्याचा होता.

आम्ही गेलो तेव्हा मोटार बंगल्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. हिरवा रंग जाऊन गडद तांबडा आला होता. नंबरप्लेट निराळी. इंजिन आणि चासीवरचे आकडेही फिटरच्या आर.सी. बुकाशी जुळत नव्हते.

बंगल्याचे मालक मुंबईतले मोठे कंत्राटदार. पांढरेशुभ्र कपडे, बोलणे मृदू. त्यांनी आम्हाला सरबत दिले आणि कागद समोर ठेवले. ते त्यांच्या सासऱ्यांच्या नावाचे, नंतर त्यांच्या नावावर झालेले. इंजिनचा नंबर, चासीचा नंबर, सगळे गाडीवरच्या आकड्यांशी तंतोतंत जुळत होते.

"सासरेबुवा गेल्यापासून नऊ वर्षं ही माझ्याकडे आहे," ते म्हणाले. "तुमच्या फिर्यादीची गाडी दुसरी असेल. एकाच कंपनीच्या दोन गाड्या नसतात का?"

मुद्दा बिनतोड होता. तरीही संशयावरून मी गाडी जप्त केली आणि जुनीच चाके चढवून, ओढून ठाण्यात आणली. दोन दिवसांत त्यांच्या वकिलाचा न्यायालयात अर्ज आला: गाडी आमच्या ताब्यात द्यावी. सोमवारी आम्हाला म्हणणे मांडायचे होते. आकड्यांवर खाडाखोड झाली आहे का, हे प्रयोगशाळा सांगू शकली असती. पण अहवाल यायला महिने लागत. गाडी एकदा त्या बंगल्यात परत गेली की तिचे काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको होता. वर वकिलाने सुचवून ठेवले होते की खोटी फिर्याद दिल्याबद्दल फिटरवरच कारवाई व्हावी. म्हणजे गाडी जाणार ती जाणारच, आणि कदाचित माणसाची नोकरीही.

शनिवारी सकाळी मी दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोल्यांत घ्यायला सुरुवात केली. आधी कंत्राटदार. गाडी कोणत्या देशातली, किती अश्वशक्तीची, त्या काळी तिची किंमत काय, हे सगळे त्यांना तोंडपाठ होते. फिटरला त्यातले निम्मे सांगता आले नाही. माझा लेखनिक माझ्याकडे पाहू लागला.

मग मला माझी स्वतःची स्कूटर आठवली. ती उजवीकडे तिरकी केल्याशिवाय सुरूच होत नसे, आणि ही गोष्ट माझ्याशिवाय घरात कोणाला माहीत नव्हती. मी कंत्राटदारांना विचारले, "गाडीत दोष काय काय आहेत?"

"दोष?" ते हसले. "मिस्टर सबइन्स्पेक्टर, गाडी घड्याळासारखी आहे. नऊ वर्षांत एकदा त्रास दिला नाही."

तोच प्रश्न घेऊन मी शेजारच्या खोलीत गेलो. फिटर वीस मिनिटे बोलत होता.

"दुसरा गियर धरून ठेवावा लागतो, नायतर सुटतो. मागलं डावं दार उचलून लावायचं. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या खाली येतच नाय, टाकी रिकामी झाली तरी. पहिला ब्रेक लागत नाय, दुसऱ्यांदा दाबायचा. चोक वडला तर मागं ढकलायला पक्कड लागते…"

लेखनिकाने दोन पाने भरली. असे तेरा दोष होते. पंचांसमोर आवारात आम्ही एकेक तपासून पाहिला. अकरा जसेच्या तसे निघाले. दार मात्र रंगाऱ्याने नीट केले असावे, आणि एक पत्रा बदलला होता. गाडी फिटरने चालवून दाखवली तेव्हा ठाण्यातले सगळे शिपाई बाहेर येऊन उभे राहिले. कंत्राटदारांनी चालवायला घेतली, तेव्हा ती फाटकापर्यंत जायच्या आत तीनदा बंद पडली.

मला वाटले, जिंकलो. पण कंत्राटदारांसोबत आलेला वकील कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "अहो, हा मेकॅनिक माणूस आहे," तो म्हणाला. "कधीतरी कुठल्यातरी गॅरेजमध्ये ही गाडी याच्या हाताखालून गेली असेल. दोष माहीत असणं म्हणजे मालकी नव्हे."

कायद्याने ते चूक नव्हते. मी खुर्चीत येऊन बसलो. हवालदार चहा घेऊन आले आणि दारातच थांबले.

"साहेब, एक बोलू का? आपण सगळ्यांना विचारलं. शेजाऱ्यांना विचारलं, टायरवाल्याला विचारलं. बाहेर त्या बाई चार महिने बाकावर बसत्यात. त्यांना कुणी काय विचारलंय का?"

नव्हते विचारले. फिर्यादीत स्पष्ट लिहिले होते की आसने तिने शिवली, आणि ते वाक्य मी स्वतः लिहून घेतले होते. तरी तिचा जबाब घ्यावा असे मला सुचले नव्हते.

मी तिला आत बोलावले. फिटर मागोमाग येऊ लागला, त्याला हवालदारांनी बाहेरच थांबवले. ती खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, गाडीच्या आसनांबद्दल काही सांगता येईल?"

"इचारा की. मला कुनी इचारलंच नाय."

ती सावकाश, पण एकदाही न अडखळता सांगत गेली. पुढच्या आसनांत काथ्या आहे, गावाहून आणलेला. मागच्या टेकणीतही काथ्याच. वरून रेक्झिन. पण काथ्या टोचू नये म्हणून मध्ये अस्तर लागते, त्याला कापड कमी पडले.

"मग?"

तिने दाराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. "माझं लग्नातलं लुगडं व्हतं. हिरवं, लाल काठाचं. ते फाडून अर्धं लावलं. ह्यांना सांगितलं नाय. म्हटलं, दुकानातून चिंध्या आनल्या. ह्यांना कळलं असतं तर त्यांनी गाडीला हात लावला नसता परत."

"आणि उरलेलं अर्धं?"

"घरी हाय. पेटीत."

मी लेखनिकाकडे पाहिले. त्याने लिहिणे थांबवले होते. "लिहा," मी म्हणालो. "शब्दन् शब्द लिहा."

हवालदार आणि एक पंच तिच्यासोबत घरी गेले आणि पेटीतला तुकडा पंचासमक्ष ताब्यात घेऊन आले. मग मी कंत्राटदार, त्यांचे वकील आणि त्यांचा गॅरेजवाला अशा तिघांना आवारात बोलावले. फिटरही होता. काही उघडण्याआधी मी कंत्राटदारांना पंचांसमोर विचारले, "मागच्या आसनाच्या आत काय भरले आहे?"

"फोम," ते ताबडतोब म्हणाले. "उत्तम प्रतीचा. दोन वर्षांपूर्वी मीच करून घेतलाय." ते लिहून घेतले, त्यांची सही घेतली.

टेकणी काढली. मागची शिवण ब्लेडने उसवली. आधी तपकिरी काथ्या दिसला. मग अस्तर वर आले. रेक्झिनखाली उन्हापासून जपलेला तो हिरवा रंग इतका ताजा होता की पंचांपैकी एक जण "अरे!" असे मोठ्याने म्हणाला. लाल काठ होता. मी पेटीतला तुकडा त्याच्या शेजारी पसरला. फाडताना एके ठिकाणी कापड तिरके गेले होते. दोन्हीकडचा तिरकेपणा एकमेकांत बसला. काठावरच्या नक्षीतले एक फूल अर्धे इकडे होते आणि अर्धे तिकडे.

फिटर वाकून त्या कापडाकडे पाहत राहिला, मग बायकोकडे वळला.

"हे तुझं लग्नातलं?"

तिने मान डोलावली.

"तू मला चिंध्या म्हनालीस."

"मग काय म्हननार व्हते?" ती म्हणाली. "गाडी पुरी व्हायची व्हती."

त्याने तोंड फिरवले. आम्ही पंचनामा लिहिण्यात गर्क असल्याचे दाखवले.

गॅरेजवाल्याला मात्र तेवढाही वेळ धीर धरवला नाही. तो आवारातल्या दगडावर बसला आणि पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर मी त्याला आत नेले. आवाज चढवावा लागला नाही. इंजिन-चासीवरचे जुने आकडे घासून नवे कोणी ठोकले, टोचनची गाडी कोणाची होती, सगळे त्याने सांगितले. कंत्राटदारांकडे सासऱ्यांच्या गाडीचे कागद खरेच होते. पण गाडी उरली नव्हती. तिचा गंजका सांगाडा बंगल्यामागे पत्र्याखाली पडला होता. 'सासऱ्यांची गाडी तयार करतोय' असे ते मित्रांना वर्षानुवर्षे सांगत आले होते. सुटे भाग मिळत नव्हते, कारागीर टिकत नव्हते. मग एका लग्नाच्या वरातीत त्यांना फिटरची गाडी दिसली. त्यांनी दोनदा माणूस पाठवून ती विकत मागितली, फिटरने दोनदा नाही म्हटले.

अटक केल्यावर कंत्राटदार मला म्हणाले, "त्याला काय करायची होती हो ती गाडी? ठेवायला जागासुद्धा नाही त्याच्याकडे." मी ते स्टेशन डायरीत लिहिले नाही, पण विसरलोही नाही. चोरी करताना त्यांना ती चोरी वाटलीच नव्हती. ती गाडी चुकीच्या माणसाकडे आहे आणि आपण ती योग्य ठिकाणी आणत आहोत, अशी त्यांची खरोखरच समजूत होती. आणि खोटे कशाला सांगू, पहिल्या दिवशी मान वर न करता मी जे बोललो, त्याच्या मुळाशीही अशीच काहीतरी समजूत होती.

सोमवारी न्यायालयाने त्यांचा अर्ज फेटाळला. गाडी फिटरला हमीवर मिळायची होती. पण समोरच्या बाजूने वर दाद मागितली आणि ती आणखी काही महिने आमच्या आवारात अडकली. जप्त वाहनांचे आवार म्हणजे काय असते, हे पोलिसांना सांगायला नको. उन्हापावसात चांगली वाहने तिथे सडून जातात. मी वरिष्ठांची लेखी परवानगी काढली आणि दर रविवारी फिटरला पहाऱ्यात येऊन गाडी पुसायला, हँडल मारून इंजिन फिरवायला मुभा दिली. हळूहळू शिपाईही हात लावू लागले. कोणी ताडपत्री आणली, कोणी टायरखाली फळ्या सरकवल्या. माझ्या सगळ्या नोकरीत, आली होती त्याहून चांगल्या स्थितीत जप्तीच्या आवारातून बाहेर गेलेली ती एकच गाडी. याचा मला अजून अभिमान वाटतो.

खटला चालला तेव्हा त्या बाईंची साक्ष झाली. बचावाच्या वकिलाने त्यांना घोळात घ्यायचा खूप प्रयत्न केला. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्हाला गाडीतलं कळतं तरी काय?"

साक्षीच्या पिंजऱ्यात पदर सारखा करून त्या म्हणाल्या, "गाडीतलं मला काय बी कळत नाय. मी शिवलेलं मला कळतं."

न्यायाधीशांनी लेखनिकाला हात करून सांगितले, "हे उत्तर त्यांच्याच शब्दांत घ्या."

शिक्षा झाली, गाडी कायमची फिटरला मिळाली. मला त्या प्रकरणात बक्षीस मिळाले नाही. सेवापुस्तकात एका ओळीचा चांगला शेरा आला. वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या. तरी नातवंडे विचारतात, "आजोबा, तुमची सगळ्यात मोठी केस कोणती?" तेव्हा दरोड्यांची आणि खुनांची प्रकरणे मागे राहतात आणि मी ही सांगतो.

या प्रकरणाने मला तपासाच्या दोन गोष्टी शिकवल्या, आणि पुढे ज्या ज्या ठाण्याचा कारभार माझ्याकडे आला तिथे मी त्या नव्या फौजदारांना सांगत आलो. वस्तूवर दोघे हक्क सांगत असतील, तर तिचे गुण विचारू नका. ते माहितीपुस्तकातही मिळतात. तिच्यात बिघडलेले काय आहे ते विचारा. ज्याने तिच्यासाठी खस्ता खाल्ल्या असतील तो थांबणार नाही. दुसरी गोष्ट अशी की जबाब घेऊन संपले असे वाटले, की उठून एकदा बाहेरच्या बाकावर नजर टाका.

तिसरी गोष्ट तपासाची नाही, म्हणून ती मी कोणाला शिकवली नाही, स्वतःपुरती ठेवली. त्या दिवसापासून ठाण्यात येणाऱ्या माणसाशी मी मान वर करून, त्याच्या तोंडाकडे पाहूनच पहिला शब्द बोललो. निवृत्त होईपर्यंत ही सवय सुटली नाही.